पन्नास ग्रॅमचं काम: पियानो वाजवताना शरीर कसं वापरायचं

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पियानोजवळ आणा. त्यावर रुपयाची छोटी नाणी ठेवत ५० ग्रॅम भरा. २२ मिलिमीटर व्यासाची नाणी असतील तर साधारण तेरा लागतात. ही चळत मिडल सीच्या, म्हणजे कीबोर्डच्या साधारण मध्यावरच्या सीच्या, पांढऱ्या पट्टीवर अगदी पुढच्या कडेला ठेवा. पियानो अकूस्टिक, म्हणजे तारांचा, असेल तर उजवं पेडल दाबून धरा, म्हणजे डॅम्परचं (तारेवर बसून आवाज थांबवणाऱ्या गादीचं) ओझं मध्ये येणार नाही. पट्टी हळूहळू खाली जाईल. अडलीच तर शेजारच्या लाकडावर बोटाने टकटक करा किंवा एखादं नाणं वाढवा. डिजिटल पियानोवर थोडी जास्त नाणी लागू शकतात. दहा रुपयांचं नाणं मात्र घेऊ नका; ते २७ मिलिमीटर रुंद आणि पट्टी २३च्या आसपास, त्यामुळे ते शेजारच्या पट्ट्यांवर टेकतं आणि प्रयोग फसतो.

आता तोच काटा टेबलावर ठेवा आणि नेहमी सूर धरता तितक्या जोराने मधल्या बोटाने त्याच्यावर दाबा. आकडा बहुतेकांचा ३०० ते ५०० ग्रॅमपर्यंत सहज जातो, परीक्षेच्या आठवड्यात तर त्याहून वर. कामाला हवेत पन्नास, लावतो आपण पाचशे. पियानोवाल्यांच्या बऱ्याचशा दुखण्यांचा हिशेब या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

मोठ्या आवाजाला जोर लागतोच की, असं कुणी म्हणेल. लागतो, पण तो पट्टी खाली जात असताना. पट्टीचा प्रवास जेमतेम १० मिलिमीटरचा. तळ गाठण्याच्या जरा आधी आतली यंत्रणा हातोडीला सोडून देते आणि शेवटचे दीड-दोन मिलिमीटर हातोडी आपल्याच वेगाने तारेकडे जाते. त्या क्षणानंतर बोटाने कितीही रेटलं तरी आवाजात काडीचा फरक पडत नाही. सूर लांबवायचा असेल तर पट्टी खाली ठेवावी लागते, कारण वर आली की डॅम्पर तारेवर बसतो. पण ती नुसती खाली 'राहू' द्यायची असते, दाबून धरायची नसते. पेटीवरून पियानोकडे येणाऱ्यांची गडबड नेमकी इथे होते. पेटीवर आवाज लहान-मोठा करतो भाता, पट्टी फक्त उघडी-बंद होते. पियानोवर आवाजाची सगळी भिस्त पट्टीच्या वेगावर. भात्याची सोय नाही म्हटल्यावर हात नकळत पट्टीला रेटू लागतो.

आधी बैठक

बैठक चुकली तर पुढची कुठलीही युक्ती चालत नाही, म्हणून इथे मोजपट्टी काढायचीच.

पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांची वरची बाजू जमिनीपासून साधारण ७३ सेंटीमीटरवर असते. कडक बैठकीवर ताठ न होता बसा, दंड सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि बैठकीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. ते २३ सेंटीमीटर भरलं तर ७३ वजा २३, म्हणजे बैठक ५० सेंटीमीटरवर हवी. घरातली प्लॅस्टिकची खुर्ची बहुधा ४२ ते ४४ची असते. सहा-सात सेंटीमीटर कमी पडले की कोपर पट्ट्यांच्या खाली जातं, मनगट वर मुडपतं आणि ते सावरायला खांदे कानांकडे चढतात. शिक्षक 'खांदे खाली' म्हणून ओरडत राहतात. खांद्यांचा दोष नसतो, खुर्चीचा असतो.

चादरीच्या घड्या घालून उंची वाढवता येते, पण मोजायचं बसल्यावर. घडी दबते. उशी नको. ती बुडते आणि बाजूला कलते.

कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवला असेल तर हिशेब उलटा होतो. टेबल ७५, त्यावर कीबोर्डची जाडी ८-१०, म्हणजे पट्ट्या ८४वर. त्यासाठी बैठक ६१ सेंटीमीटरची हवी आणि तेवढ्या उंचीवर गुडघे टेबलाला लागतात. इथे स्टँड घेण्याला पर्याय नाही. फुलीच्या आकाराचा स्वस्त स्टँड खाली आणला की त्याच्या दांड्या गुडघ्यांत येतात आणि माणूस मागे सरकून हात ताणत वाजवतो. टेबलासारखे चार पाय असलेला स्टँड बरा.

जमिनीवर मांडी घालून, चौरंगावर कीबोर्ड ठेवूनही पुष्कळ घरांत सराव चालतो. चौरंग २० सेंटीमीटरचा असेल तर पट्ट्या २९-३०वर येतात आणि कोपर २३वर. बुडाखाली सहा-सात सेंटीमीटरची घट्ट गोधडी घाला. पंधरा-वीस मिनिटांना हे ठीक आहे. तासभराच्या सरावाला नाही, कारण मांडीत पाय अडकले की शरीर डावी-उजवीकडे झुकत नाही आणि टोकाच्या पट्ट्यांसाठी पाठ पिळावी लागते.

अंतरासाठी सोपी खूण: मुठी वळून हात सरळ पुढे करा. पट्ट्या संपतात तिथल्या उभ्या फळीला मुठी जेमतेम टेकल्या पाहिजेत. कोपर वाकवून ठेवावं लागलं तर तुम्ही फार जवळ बसला आहात. बाकाचा पुढचा अर्धा भागच वापरा. पूर्ण मागे सरकून बसलं की मांड्यांचं वजन बाकावर जातं आणि पाय नुसते लोंबतात.

पाय म्हणजे पियानोवाल्याची दुसरी बैठक. दोन्ही टाचा जमिनीवर, उजवा चवडा पेडलवर. पेडल दाबताना टाच उचलली गेली तर मांडी आणि कंबर प्रत्येक पेडलला आखडते. कीबोर्डचं सुटं पेडल फरशीवर घसरत असेल तर पाय त्याचा पाठलाग करत राहतो. त्याखाली रबरी बुडाचं पायपुसणं टाका. लहान मुलांचे पाय पोचत नसतील तर खाली पाट रचा, एक पुरत नसेल तर दोन, न डुगडुगणारे. अधांतरी पायांनी वाजवणारं मूल तोल सांभाळायला पट्ट्यांनाच धरतं.

कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड साधारण ३५ सेंटीमीटर उंचीच्या खुर्चीवर बसून वाजवायचे, हे उदाहरण कुणी ना कुणी पुढे करतंच. त्यांचं तंत्र त्या खुर्चीभोवती घडलं होतं, आणि पुढे हाताच्या तक्रारी त्यांनाही चुकल्या नाहीत. नक्कल करायची तर खुर्चीची करू नका.

हात सुरू होतो कुठे?

शंभरातल्या नव्वद जणांना विचारलं तर ते खांद्याच्या गोलाईवर बोट ठेवतील. आता हे करून बघा. डाव्या हाताची दोन बोटं गळ्याखालच्या खळगीत ठेवा आणि किंचित उजवीकडे सरकवा. गळ्याखालच्या आडव्या हाडाचं गाठीसारखं टोक लागेल. तिथेच बोटं ठेवून उजवा हात पुढे, वर, मागे असा मोठा गोल फिरवा. गाठ बोटांखाली हलताना जाणवेल. हाताचा सांगाडा धडाच्या सांगाड्याला जोडला आहे तो फक्त इथे. पाठीवरचं खांद्याचं पातं फासळ्यांवर नुसतं सरकत असतं, स्नायूंच्या आधाराने.

याचा उपयोग असा की 'खांदे खाली ओढून ठेवा' ही सूचना विसरायची. खाली ओढलेला खांदा चढवलेल्या खांद्याइतकाच बांधलेला असतो. वरच्या पट्ट्यांकडे हात गेला की खांद्याचं पातं थोडं पुढे-वर जाणारच, त्याला जाऊ द्या. सूर संपला की परत येऊ द्या. अडचण हालचालीची नसते, अडकून बसण्याची असते.

एका हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतं. माणूस साठ किलोचा असेल तर एक हात तीन किलोचा, म्हणजे पट्टीला लागतो त्याच्या साठपट. मग बोटांनी 'जोर लावण्याची' गरज कुठे उरते? पण हे वजन हातातून सोडता यायला हवं. परीक्षा घ्या: उजवा हात डाव्या तळव्यावर कोपराजवळ पूर्ण टाका आणि डावा हात अचानक काढून घ्या. उजवा हात मांडीवर धप्पकन पडला तर तो सैल आहे. हवेत तरंगत राहिला, किंवा सावकाश शहाण्यासारखा खाली आला, तर तुम्ही त्याला धरून ठेवलं होतं. पहिल्यांदा बहुतेकांचा तरंगतो. रोज सरावाआधी चार-पाच वेळा करा.

डोकं साडेचार-पाच किलोचं असतं आणि ते कण्यावर जिथे टेकतं तो सांधा मानेच्या मागच्या मणक्यापाशी नाही, दोन कानांच्या मधोमध आहे. कानांत बोटं घालून बारीकशी 'हो'ची मान हलवा. आस बोटांच्या रेषेत आहे हे कळेल. पट्ट्यांकडे बघायचं असेल तर इथून वाका. मानेच्या बुडापासून वाकलात की पाच किलोचं ओझं पुढे लोंबतं आणि त्याचा ताण थेट खांद्यांवर येतो.

तसंच कमरेचं. पुढे झुकताना आपण पोटाच्या पट्ट्यापासून दुमडतो. बिजागरी त्याच्या बरीच खाली, मांडीच्या सांध्यात आहे. तळवे बुडाखाली घालून बसा, दोन टणक हाडं लागतील. त्या हाडांवर डोलल्यासारखं पुढे-मागे व्हा, पाठ आहे तशी राहील. डाव्या टोकाचे खर्जातले सूर वाजवायचे असतील तर याच हाडांवरून डावीकडे कला आणि डाव्या पायावर वजन येऊ द्या.

चष्मेवाल्यांसाठी एक जोड. स्वरलिपीचं पान डोळ्यांपासून साधारण ६० ते ६५ सेंटीमीटरवर असतं, वाचनाचा चष्मा मात्र ४०च्या आसपासच्या अंतरासाठी बनवलेला. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूर-जवळ दोन्हीसाठीच्या, काचांमध्ये जवळचा भाग खाली असतो, म्हणून माणूस हनुवटी वर करून त्या भागातून बघतो आणि महिन्याभरात मान धरते. पियानोवर बसून पानापर्यंतचं अंतर मोजा आणि त्या एकाच अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. चाळिशीनंतरची काहींची 'स्पॉन्डिलायटिस'ची तक्रार एवढ्यानेही कमी होऊ शकते.

पंजा पालथा होतो तेव्हा

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आहेत. करंगळीच्या बाजूचं कोपराशी बिजागरीसारखं जोडलेलं, ते फक्त उघडतं-मिटतं. अंगठ्याच्या बाजूचं त्याच्याभोवती फिरतं. हात टेबलावर उताणा ठेवा आणि करंगळीची कड टेबलावरून न उचलता पंजा पालथा करा. अंगठा मोठं वर्तुळ काढून येतो, करंगळी जागेवर राहते. कुलपात किल्ली फिरवताना हेच होतं.

पुष्कळ जण पालथा करताना अंगठा जागेवर ठेवून करंगळी बाहेर फेकतात. मग पंजा मनगटात करंगळीकडे मुडपतो. पट्ट्यांवर हात ठेवून वरून फोटो काढा: मधलं बोट आणि कोपर-मनगटाची रेष सरळ आहे की मनगटात कोन आहे? कोन दिसला तर बोटं ओढणाऱ्या सगळ्या दोऱ्या त्या वळणावर घासत जातात. या दोऱ्या, म्हणजे कंडरा, कोपराजवळच्या स्नायूंपासून निघून मनगटाच्या अरुंद बोगद्यातून बोटांत जातात. नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू, सगळे त्याच बोगद्यात. बोटांमध्ये बोट हलवणारा स्नायू एकही नाही. 'बोटं मजबूत करा' म्हणून स्प्रिंगचा पंजा पिळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: कमावले जातात कोपराखालचे स्नायू, आणि तेही मूठ आवळण्यासाठी. पियानोला मूठ लागत नाही.

मनगटातला कोन काढायचा उपाय मनगटात नाही, कोपरात आहे. हात शरीराच्या समोर, पोटाजवळ आला की कोपर थोडं बाहेर जाऊ द्या. दंड बरगड्यांना चिकटवून 'नीटस' बसण्याची सवय सोडा.

पंजाच्या या फिरण्याचा सगळ्यात जास्त फायदा डाव्या हाताच्या अल्बर्टी बेसला, म्हणजे तीन सूर एकामागून एक फिरवत दिलेल्या साथीला, होतो. सी-जी-ई-जी, आपल्या भाषेत सा-प-ग-प, बोटं करंगळी-अंगठा-मधलं-अंगठा. तीन बोटांनी चार वेळा ठोकलं तर आठ-दहा ओळींत हात भरून येतो. त्याऐवजी:

१. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, एका ठोक्याला एक सूर.
२. करंगळीच्या 'सा'वर हाताचं वजन टाका, पंजा करंगळीकडे किंचित कललेला.
३. किल्ली फिरवल्यासारखा पंजा अंगठ्याकडे कलवा. 'प' आपोआप वाजेल, अंगठा मुद्दाम आपटू नका.
४. परत मधल्या बोटाकडे कला, पण अर्धाच, कारण ते करंगळीपेक्षा जवळ आहे. मग पुन्हा अंगठ्याकडे.
५. पाच-सहा आवर्तनं झाली की ठोक्याला दोन सूर, मग चार. वेग वाढेल तसा कल लहान होत जातो. शेवटी तो बघणाऱ्याला दिसतही नाही, पण असतो.

इथे चुकतं ते हे: तिसऱ्या पायरीला कोपर पंख फडफडवल्यासारखं आत-बाहेर होतं. कोपराच्या टोकाला दुसऱ्या हाताचं बोट लावून ठेवा. पंजा फिरला पाहिजे, ते टोक जवळपास स्थिर.

अंगठा, अनामिका आणि पंजाचा आकार

हात बाजूला लोंबकळू द्या, मग तसाच उचलून पट्ट्यांवर ठेवा. बोटांना जो बाक आपोआप आला तोच तुमचा आकार. 'लिंबू धरल्यासारखा हात' सांगितलं की मुलं खरंच लिंबू धरतात, आवळून. हाताच्या पाठीवर नाणं ठेवून ते न पाडता वाजवायची जुनी शिस्त तर विसरलेलीच बरी. तिने हात स्थिर दिसतो आणि मनगट गोठतं.

अंगठ्याला तीन हाडं मोजा, दोन नव्हे. तिसरं तळव्यात लपलेलं आहे आणि त्याचा सांधा मनगटाला लागून असतो. अंगठा तिथून हलवा. वाजतो तो नखाच्या कोपऱ्याजवळच्या कडेवर. सप्तक चढताना अंगठा पंजाखालून पार अनामिकेखाली ताणून ठेवला की मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला ठणका लागतो. अंगठा तर्जनीच्या जरा आतपर्यंत गेला की पुरे. उरलेलं अंतर पूर्ण हाताने उजवीकडे सरकून काढायचं. दोन सुरांमध्ये सेकंदाच्या अंशाची फट राहिली तरी वेगात ती ऐकू येत नाही.

इथे पियानोवादक-संगीतकार शोपँची रीत अजून कामाची आहे. ते विद्यार्थ्यांना सुरुवातीला सी मेजर देत नसत. उजवा हात ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प आणि बी वर ठेवायला लावत आणि सप्तकांत बी मेजर आधी शिकवत. मधली लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर, आखूड अंगठा नि करंगळी पांढऱ्यांवर. हात न आखडता बसतो. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर वाचायला सगळ्यात सोपं, हाताला मात्र सगळ्यात अडचणीचं.

अनामिकेबद्दल वाद घालण्याआधी तळवा टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. उचलत नाही. पंजाच्या पाठीवर तिची कंडरा शेजारच्या कंडरांशी आडव्या पट्ट्यांनी बांधलेली आहे. हा दुबळेपणा नव्हे, रचना आहे. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी १८३०च्या सुमारास बोटांसाठी यंत्र वापरलं आणि उजवा हात वादनाला मुकला. त्यांच्या दुखण्याच्या नेमक्या कारणावर वाद आहेत, यंत्राच्या वापरावर नाही. अनामिकेला स्वतंत्र करण्याऐवजी तिच्या पाठीशी पंजाचा कल द्या: ती वाजवताना हाताचं वजन तिच्या रेषेत आणा.

ऑक्टेव्हचं, म्हणजे सा आणि वरचा सा एकत्र वाजवण्याचं, गणित हाताच्या मापाचं. पियानोवरचा एक ऑक्टेव्ह साधारण १६.५ सेंटीमीटर. आठ पट्ट्या जेमतेम पकडता येणाऱ्या हाताने ऑक्टेव्हच्या रांगा ताणलेल्या पंजाने वाजवल्या तर पाच मिनिटांत कोपराखाली दगड होतो. प्रत्येक ऑक्टेव्हनंतर पंजा क्षणभर मिटू द्या, चेंडू उसळताना मिटतो-उघडतो तसा. नववा सूर पोचत नसेल तर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, खालून वर एकेक उलगडा, किंवा दुसऱ्या हातात असलेला सूर गाळा. यात कमीपणा नाही. योझेफ हॉफमन यांच्यासारख्या दिग्गज पियानोवादकासाठी स्टाइनवे कंपनीने अरुंद पट्ट्यांचा पियानो बनवला होता.

एका सुराचा सराव

रोज पहिली तीन मिनिटं फक्त हे. मधल्या बोटाने एक सूर वाजवा आणि पट्टी तळाला राहू द्या. आता जोर हळूहळू कमी करत जा, अजून कमी, पट्टी वर यायला लागेपर्यंत. ती उचलू लागते त्याच्या जराशी अलीकडची जागा शोधा. तिथे थांबा आणि मनगट सावकाश वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. हलतंय? म्हणजे सूर धरला आहे आणि हात मोकळा आहे. मग हेच प्रत्येक बोटाने. करंगळीला पहिल्या सांध्यात दुमडायची खोड असते. ती दुमडली तर पंजाचा कल तिच्या बाजूला थोडा वाढवा.

पुढे हीच तपासणी गतीत आणायची. अवघड चार ओळी घ्या आणि ठोक्यापासून ठोक्यापर्यंत, म्हणजे चार सूर आणि पुढच्याचा पहिला, इतकंच पूर्ण गतीत वाजवा आणि थांबा. थांबल्यावर चार जागा बघा: जबडा, खांदे, मनगट आणि न वाजणारी बोटं. सगळ्यात फसवी चौथी. वाजणाऱ्या बोटाच्या शेजारची बोटं, विशेषतः करंगळी, हवेत ताठ उभी असतात. त्यांना वर धरून ठेवणारे स्नायू तासभर काम करत असतात आणि आवाज त्यांचा शून्य.

श्वासाची परीक्षा आणखी सोपी. वाजवताना वरची चाल सरगमात किंवा 'ला-ला' करत गुणगुणा. ज्या बारला, म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेषांमधल्या ज्या तुकड्याला, आवाज गळ्यात अडकतो तिथे तुम्ही श्वास धरताय. तो बार अवघड आहे म्हणून श्वास धरला जातो हे खरं, पण काही दिवसांनी श्वास धरला म्हणून तो अवघड राहतो.

फोनचा कॅमेरा पट्ट्यांच्या उंचीवर, बाजूने लावा आणि दोन मिनिटं चित्रण करा. बघताना आवाज बंद ठेवा. सूर ऐकू आले की कान चुका मोजत बसतात. एफ. एम. अलेक्झांडर या ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या, रंगमंचावर उतारे म्हणून दाखवणाऱ्या कलाकाराचा आवाज सारखा बसायचा, तेव्हा त्याने आरशांसमोर उभं राहून बोलताना आपण मानेचं काय करतो ते न्याहाळलं आणि त्यातून शरीर वापरण्याचं त्याचं तंत्र निघालं. आपल्याला जे सरळ 'वाटतं' ते सरळ नसतं, हा त्यातला मुख्य धडा. कॅमेरा त्यासाठी पुरतो.

सरावाची रचना: २० ते २५ मिनिटं वाजवा, पाच मिनिटं उठा. या पाच मिनिटांत फोन चाळू नका. तोच अंगठा, तीच वाकलेली मान. एकच तुकडा सलग पाच-सहा वेळांपेक्षा जास्त नाही, मग दुसरं काही, मग परत. जोरदार भाग दहातल्या आठ वेळा हळू आवाजात वाजवा. थंडीच्या सकाळी किंवा एसीच्या खोलीत हात गार असतील तर कोमट पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवा. गार बोटं मागे खेचून ताणण्यात फायदा नाही.

सगळ्यात जास्त हात कधी बिघडतात? ग्रेड परीक्षेच्या किंवा कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी, जेव्हा पाऊण तासाचा सराव एकदम तीन तासांवर जातो. वाढवायचं तर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी. दिवसभराचं इतर ओझंही याच हिशेबात धरा: आठ तास लॅपटॉप, ट्रॅफिकमध्ये स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळत काढलेला तास, रात्री पोळ्यांची कणीक. स्नायूंना पियानो आणि परात वेगळी कळत नाही.

दुखायला लागलं तर

थकवा आणि दुखणं वेगळं. कोपराखाली जडपणा आला आणि दहा मिनिटांत उतरला, तर तो थकवा. टोचणारी कळ, एका बोटावर ठेवता येईल असा ठणका, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिलेली दुखरी जागा हे दुखणं. 'वाजवता वाजवता मोकळं होईल' हे दुखण्याच्या बाबतीत खोटं आहे.

जागेवरून अंदाज येतो. मनगटाची अंगठ्याकडची बाजू दुखत असेल तर बहुधा अंगठा आत ताणला जातोय, भर फोनची. कोपराच्या बाहेरच्या गाठीपाशी दुखत असेल तर बोटं उचलून धरली जातायत किंवा मनगट वर मुडपलेलं आहे. मानेपासून खांद्यापर्यंत ओढ असेल तर आधी खुर्चीची उंची आणि चष्मा तपासा. रात्री अंगठा, तर्जनी, मधल्या बोटात मुंग्या येऊन जाग येणं, किंवा करंगळी-अनामिका बधिर होणं ही मज्जातंतूवर दाब आल्याची खूण असते. हातातून कप निसटणं, पकड कमी होणं दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हाताचे तज्ज्ञ, आणि सोबत फिजिओथेरपिस्ट. जाताना वाजवतानाचं बाजूचं आणि वरचं चित्रण घेऊन जा. 'हात दुखतो' यापेक्षा ते दोन मिनिटांचं चित्रण त्यांना जास्त सांगतं.

एक प्रकार न दुखणारा आहे आणि म्हणून दुर्लक्षिला जातो. फक्त पियानोवर एखादं बोट आपोआप आत वळतं, इतर कामांत हात ठणठणीत. हे 'सराव कमी पडतोय' समजून लोक सराव दुप्पट करतात आणि ते वाढतं. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात आणि तो मेंदूच्या हालचाल आखण्यातला बिघाड आहे, दाखवायचं न्यूरॉलॉजिस्टना. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटं १९६०च्या दशकात अशी वळू लागली. पुढची सुमारे तीस वर्षं त्यांनी डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवलं, वाद्यवृंदांचं संचालन केलं, शिकवलं. उपचारांनंतर दोन्ही हातांनी वादन पुन्हा सुरू झालं ते १९९०च्या दशकात.

विश्रांतीनंतर परतताना पहिले दोन दिवस पाच-पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, आणि तीही नवी, सोपी रचना घेऊन. ज्या तुकड्यावर हात दुखावला तो सगळ्यात शेवटी घ्या. त्या सुरांबरोबर जुनी आखडलेली हालचालही हाताने पाठ केलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी काही जाणवलं नाही तर प्रत्येक खेपेला दोन-तीन मिनिटं वाढवा. जाणवलं तर आदल्या आकड्यावर परत या आणि नाण्यांची चळत पुन्हा एकदा पट्टीवर ठेवून बघा.